छप्पर धरून ठेवणारा खिळा

या वर्षी मे महिन्यात, निकाल लागून शाळेला सुटी पडली होती तेव्हा, एका संध्याकाळी वादळी वारा सुटला आणि आपल्या प्रार्थनेच्या शेडचे पश्चिम कोपऱ्यातील तीन पत्रे उडून गेले. एक सायकल स्टँडवर पडला, दुसरा मैदानाच्या मधोमध, आणि तिसरा कुंपणाच्या भिंतीला जाऊन टेकला. कोणालाही इजा झाली नाही, कारण शाळेत पहारेकऱ्याखेरीज कोणी नव्हते. शाळा सुरू असती आणि वेळ सकाळची असती, तर त्या कोपऱ्याखाली पाचवीच्या रांगा असतात, एवढेच येथे नमूद करतो.

दुरुस्तीसाठी कार्यालयाकडे दोन अंदाजपत्रके आली. दोन्हींत पत्रा तोच, रंग तोच. फरक होता तो स्क्रूंच्या संख्येत आणि कडेला घालायच्या जादा लोखंडी पाइपांत. त्यावर विश्वस्त मंडळाच्या बैठकीत एका विश्वस्तांनी विचारले, "स्क्रू दुप्पट मारून काय साधणार? त्यापेक्षा पत्रा जाड घ्या." प्रश्न रास्त होता. आम्हाला, म्हणजे विज्ञान आणि कार्यानुभव शिकवणाऱ्या शिक्षकांना, त्याचे उत्तर त्या दिवशी नीट देता आले नाही. बैठकीनंतर आम्ही या विषयामागे लागलो. त्यातून जे हाती आले ते विद्यार्थी, पालक आणि विश्वस्त या तिघांपुढे ठेवत आहोत.

या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला आहे तो अमेरिकेत, आणि तोही पत्र्याच्या नव्हे तर प्लायवूडच्या छपरांवर. म्हणून आधी तिकडे जाऊन मग आपल्या शेडकडे परत येऊ.

आपल्यातील अनेक आजी-आजोबा मुला-नातवंडांकडे अमेरिकेला जाऊन येतात आणि आल्यावर सांगतात, "अहो, तिथली घरे लाकडाची! भिंतीवर टकटक केले तर पोकळ आवाज येतो." ते खरेच आहे. तिथले साधे घर म्हणजे लाकडी सांगाडा. छपराला उतरते वासे असतात, बहुधा दोन-दोन फुटांवर. त्या वाशांवर चार फूट बाय आठ फुटांचे, साधारण अर्धा इंच जाडीचे प्लायवूडचे पाट खिळ्यांनी ठोकतात. त्यावर पाणी अडवणारा डांबरी कागद आणि सर्वांत वर डांबरी कापट्यांची कौले, ज्यांना शिंगल्स म्हणतात. खालून पाहणाऱ्याला शिंगल्सच दिसतात. पण छप्पर खऱ्या अर्थाने असते ते प्लायचे. पाट आठ फुटांची बाजू वाशांना आडवी ठेवून घालतात आणि एका ओळीचे सांधे दुसऱ्या ओळीच्या सांध्यांसमोर येऊ देत नाहीत, जशी गवंडी विटांची सांधमोड करतो. दोन पाटांमध्ये एक सुताची फट सोडतात, कारण दमट हवेत प्लाय फुगते आणि फट नसेल तर पाट मधोमध उचलून येतात.

आता हे पाट वाशांवर टिकून कशामुळे राहतात? वजनामुळे, असे वाटेल. विद्यार्थी मित्रांनो, हिशेब करून पाहा. अर्धा इंची प्लायचे वजन दर चौरस फुटाला पाऊण किलोही भरत नाही. आपल्या शेडचा अर्धा मिलिमीटरचा पत्रा तर अर्धा किलोसुद्धा नाही. आणि वारा किती जोर लावतो? भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात निरनिराळ्या शहरांसाठी वाऱ्याचा मूळ वेग दिला आहे. पुणे आणि पणजी यांच्यासाठी तो सेकंदाला ३९ मीटर आहे. आपल्या वडोदऱ्यासाठी आणि हैदराबादसाठी ४४ मीटर. ४४ मीटर म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. असा वारा रोज वाहत नाही, पण इमारत बांधताना तो कधीतरी येणार असे धरायचे असते. वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणले की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ४४ चा वर्ग १९३६. गुणाकार सुमारे ११६२ न्यूटन. किलोच्या भाषेत दर चौरस फुटाला सुमारे ११ किलो. वेगाचा वर्ग येतो हे विसरू नये: वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो.

हा जोर छपराला खाली दाबत असता तर खिळ्यांची काळजीच नव्हती. परंतु बहुतेक छपरांवर वारा दाबत नाही, उचलतो. छपराच्या कडेवर वारा आदळला की तो पृष्ठभागाला चिकटून पुढे जात नाही. कडेपाशी उसळी घेऊन वर जातो. त्या उसळीच्या पोटात, म्हणजे कडेलगतच्या पट्ट्यावर, हवेचा दाब एकदम उतरतो. खालच्या हवेचा दाब मात्र होता तसाच असतो. खालून ढकलणारे आहे आणि वरून दाबणारे पुरेसे नाही, अशी स्थिती होते. ही ओढ सर्व छपरावर सारखी नसते. मधल्या भागात ती बेताची. कडांना आणि विशेषतः कोपऱ्यांना मधल्या भागाच्या दुपटीने किंवा त्याहूनही अधिक. आपले पत्रे कोपऱ्यातलेच का गेले, याचे अर्धे उत्तर इथेच आहे. उत्तरायणात पतंग उडवणाऱ्या मुलांना हे वेगळे सांगायला नको. पतंगाला वर जायचेच असते, त्याला धरून ठेवतो तो मांजा. छपराचा प्रत्येक पाट हाही वादळात पतंगच, आणि खिळे हा त्याचा मांजा.

कोपऱ्यासाठी मूळ जोराच्या दुप्पट धरू, म्हणजे दर चौरस फुटाला २२ किलो. चार बाय आठच्या एका पाटावर एकूण ओढ झाली सातशे किलोंच्या घरात. ती सगळी खिळ्यांनी पेलायची.

अमेरिकेतील सुतार पिढ्यान्पिढ्या एक नियम पाळत आले: पाटाच्या कडांना सहा इंचांवर एक खिळा, मधल्या वाशांवर बारा इंचांवर एक. ऐकताना हा नियम शहाणपणाचा वाटतो. कडेला सांधा असतो, तिथे जास्त खिळे हवेत. मध्ये पाट अखंड आहे, तिथे कमी चालतील. घर बाजूने हेलपाटू नये म्हणून सगळे पाट मिळून एका फळीसारखे काम करतात, त्या कामासाठी कडेचे दाट खिळे उपयोगीच असतात. पण पाट वर ओढला जातो तेव्हा हिशेब अगदी उलटा होतो, आणि आम्हाला या सगळ्या अभ्यासात सर्वांत आश्चर्य वाटले ते याचेच.

वही घेऊन आकृती काढा. आठ फुटांचा पाट, त्याखाली दोन-दोन फुटांवर पाच वासे: दोन टोकांना, तीन मध्ये. मधल्या वाशावरचा एक खिळा किती जागेची ओढ पेलतो? वाशाच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या-अर्ध्या गाळ्यापर्यंत, म्हणजे एकूण दोन फूट. आणि वाशाच्या लांबीवर शेजारच्या खिळ्यांपर्यंतचे निम्मे-निम्मे अंतर, म्हणजे एक फूट. गुणाकार दोन चौरस फूट. आता टोकाच्या वाशावरचा खिळा. पाट तिथे संपतो, त्यामुळे त्याच्याकडे एकाच बाजूचा अर्धा गाळा येतो, म्हणजे एक फूट; आणि खिळे सहा इंचांवर असल्याने दुसरी बाजू अर्धा फूट. गुणाकार अर्धा चौरस फूट. म्हणजे ज्या मधल्या खिळ्यांची संख्या आपण कमी केली, त्याच प्रत्येक खिळ्यावर कडेच्या खिळ्याच्या चौपट भार आला. दर चौरस फुटाला २२ किलो धरले तर कडेच्या खिळ्यावर ११ किलो आणि मधल्यावर ४४.

मधले खिळेही सहा इंचांवर आणले की त्यांचा वाटा एक चौरस फुटावर येतो, भार २२ किलोवर. त्यासाठी एका पाटामागे किती खिळे वाढले? आधी टोकांच्या दोन वाशांवर नऊ-नऊ आणि मधल्या तिन्हींवर पाच-पाच, एकूण ३३. नंतर पाचही वाशांवर नऊ, एकूण ४५. बारा खिळे जास्त. छपराचा सर्वांत दुबळा खिळा बारा खिळ्यांत दुप्पट भक्कम झाला.

हा हिशेब कागदावरचा राहिला असता. पण २४ ऑगस्ट १९९२ रोजी पहाटे अँड्र्यू नावाचे चक्रीवादळ दक्षिण फ्लोरिडात, मायामीच्या दक्षिणेस असलेल्या होमस्टेड गावाजवळ किनाऱ्याला लागले. त्याचा वेग पुढे २००२ मध्ये पुन्हा तपासून ताशी सुमारे २६५ किलोमीटर ठरवण्यात आला आणि त्याला सर्वांत वरच्या, पाचव्या श्रेणीत टाकले गेले. मोजण्याच्या रीती वेगळ्या आहेत हे सोडून दिले तर आपल्या १५८ च्या तुलनेत हा जोर पावणेतीनपट होतो. त्या एका परगण्यात पंचवीस हजारांहून अधिक घरे उद्ध्वस्त झाली आणि एक लाखाहून अधिक घरांचे नुकसान झाले.

एवढ्या वाऱ्यापुढे कोणाचे काय चालणार, असे म्हणून विषय संपवता आला असता. तसे झाले नाही. सरकारी आपत्ती निवारण संस्थेचे अभियंते घरोघर फिरले, तेव्हा एकाच वस्तीत, एकाच वाऱ्यात, काही छपरे जागेवर आणि काही साफ उघडी, असे दृश्य दिसले. घर पडण्याची सुरुवात बहुतेक ठिकाणी भिंतीपासून नव्हे, छपराच्या एखाद-दुसऱ्या पाटापासून झाली होती. एक पाट गेला की पाऊस थेट आत येतो. माळ्यावरचा कापसासारखा उष्णतारोधक थर भिजून जड होतो आणि खालचे आच्छादन पाडतो. त्याहून वाईट म्हणजे त्रिकोणी कैच्यांना एकमेकींशी बांधून उभे ठेवणारे प्लायच असते. ते गेले की कैच्या पत्त्यांसारख्या एकीवर एक कलंडतात आणि त्यांच्याबरोबर बाजूची त्रिकोणी भिंतही जाते. सगळी पडझड जिथून सुरू झाली ती जागा काही खिळ्यांची होती.

उडून गेलेल्या पाटांमध्ये आणि उघड्या पडलेल्या वाशांमध्ये काय सापडले? कुठे खिळे फार लांब-लांब मारलेले होते. कुठे खिळ्यांच्या जागी स्टेपल, म्हणजे कागदांना मारतो तशाच आकाराच्या पण मोठ्या तारेच्या पिना वापरल्या होत्या. आणि कितीतरी ठिकाणी खिळा होता, पण वाशात नव्हता. तो वाशाच्या शेजारून प्लायमधून आरपार जाऊन माळ्यात लोंबकळत होता. तिथले कारागीर अशा खिळ्याला 'चमकणारा' म्हणतात, कारण माळ्यावर दिवा धरला की तो चमकतो. मोजणीत तो धरला जातो, कामाला मात्र शून्य. शिवाय त्याच्या वाटणीचा भार दोन्ही शेजाऱ्यांवर जातो.

वासा कसा चुकतो, हे सुताराच्या मापात पाहण्यासारखे आहे. तिकडचा वासा दीड इंच जाड, म्हणजे बारा सूत. सांध्यावर दोन पाट त्या बारा सुतांत वाटणी करतात. मधली एक सुताची फट सोडली तर प्रत्येकाला साडेपाच सूत मिळाले. खिळा पाटाच्या अगदी काठावर मारला तर प्लाय फाटते, म्हणून काठापासून तीन सूत आत मारायचा. मग त्याच्या पलीकडे वाशाचे लाकूड उरले अडीच सूत! हात अडीच सूत सरकला किंवा वासा थोडा वाकडा असला की खिळा हवेत. पाटाच्या मध्ये ठोकताना तर वासा दिसतही नाही. म्हणून नीट काम करणारा सुतार पाट टाकला की आधी खडूची दोरी मारून वाशांच्या रेघा उमटवतो आणि मगच खिळ्याला हात घालतो. हातोडीने मारणाऱ्याला आणखी एक फायदा असतो: खिळा लाकडात जातो की पोकळीत, ते हाताला आणि कानाला लगेच कळते. हवेच्या दाबावर चालणाऱ्या खिळ्यांच्या बंदुकीला ते कळत नाही. ती दोन्ही वेळा तोच 'फट्' असा आवाज करते. बंदुकीचा दाब जास्त ठेवला तर दुसरीच चूक होते. खिळ्याचे डोके प्लायच्या वरच्या पापुद्र्यांत घुसते आणि पाट डोक्यावरून सहज निसटू शकतो. डोके प्लायच्या पृष्ठभागाशी सपाट बसावे, आत जाऊ नये.

आता खिळा कोणता, याविषयी. तिकडे या कामाला अडीच इंची खिळा वापरतात; त्याला 'आठ पेनी' म्हणतात. एके काळी शंभर खिळ्यांच्या किमतीवरून हे नाव पडले असे सांगतात. अर्धा इंच प्लायमध्ये जातो, उरलेले दोन इंच वाशात रुततात, आणि पकड त्या दोन इंचांचीच. पण याच नावाचा आणि याच लांबीचा खिळा दोन जाडींत मिळतो: एक ३.३ मिलिमीटरचा, दुसरा २.९ मिलिमीटरचा. पकड जाडीच्या प्रमाणात असल्याने बारीक खिळा निवडला की आठवा हिस्सा तिथेच गेला. त्याहून मोठा फरक लाकडाचा. तिकडच्या नियमांतील सूत्रानुसार खिळ्याची पकड लाकडाच्या घनतेच्या अडीचाव्या घातावर अवलंबून असते. म्हणून जाड खिळ्याचा दोन इंच रुतलेला सुरक्षित भार दक्षिणेकडील कठीण पाइनमध्ये सुमारे ३७ किलो, तर हलक्या स्प्रूसमध्ये सुमारे १९ किलो येतो. (वाऱ्यासारख्या क्षणिक भाराला नियमांत जी सूट मिळते, ती आम्ही इथे धरलेली नाही.) आता मघाचे आकडे शेजारी ठेवा. बारा इंचांवरच्या मधल्या खिळ्यावर ४४ किलो: दोन्ही लाकडांत नापास. सहा इंचांवर २२ किलो: पाइनमध्ये आरामात पास, स्प्रूसमध्ये काठावर.

काठावरच्यांसाठी अंगावर बारीक गोल खाचा असलेला खिळा आहे. लाकडाचे तंतू त्या खाचांत अडकतात आणि पकड गुळगुळीत खिळ्याच्या दीडपट ते दुप्पट होते. ओल्या लाकडात मारलेला गुळगुळीत खिळा लाकूड वाळले की सैल पडतो. खाचांचा खिळा त्या बाबतीतही बरा. मग सरळ स्क्रूच का नाही, असे नववीतल्या एका मुलीने आम्हाला विचारले. लाकडाचा चांगला स्क्रू उपसून यायला खिळ्याहून पुष्कळच अवघड असतो, हे खरे. पण स्वस्त म्हणून जे काळे, जिप्समच्या पाट्यांचे स्क्रू सर्रास वापरले जातात ते ठिसूळ असतात, वाकण्याऐवजी तुटतात. छपराला ते नकोत.

अँड्र्यूनंतर त्या भागाचे बांधकाम नियम बदलले. छपराच्या प्लायसाठी स्टेपलला बंदी आली, खिळे सगळीकडे सहा इंचांवर आणि त्रिकोणी भिंतीवरील कडेला चार इंचांवर आले, आणि १ मार्च २००२ पासून साऱ्या फ्लोरिडा राज्याला एकच बांधकाम संहिता लागू झाली. जुन्या घराचे छप्पर नव्याने घालताना उघड्या पडलेल्या प्लायला वाढीव खिळे मारून घ्यावेत, असाही नियम पुढे आला. ऑगस्ट २००४ मध्ये चार्ली नावाचे वादळ त्याच राज्यात आले, तेव्हा नव्या नियमांची घरे जुन्यांपेक्षा स्पष्टपणे कमी मोडली होती.

आपल्याकडे प्लायची छपरे थोडी. तरी हल्ली शेतावरच्या घरांना आणि गच्चीवरील खोल्यांना प्लायवर शिंगल्स घालण्याची टूम निघाली आहे. ज्या पालकांचे असे काम चालू असेल त्यांनी पाणी सोसणारी प्लाय घेतली की नाही एवढेच न विचारता खिळ्यांचे अंतर स्वतः टेप लावून पाहावे आणि शिंगल्स पडण्यापूर्वी पाहावे. नंतर काहीच दिसत नाही. आपल्याकडे खाली बहुधा लोखंडी पाइप असतो, त्यामुळे खिळ्याऐवजी स्वतः भोक पाडणारा स्क्रू येतो. अंतराचा हिशेब मात्र तोच.

आता आपली शेड. उडालेले पत्रे आणि उघडे पडलेले पाइप आम्ही जूनमध्ये शिडी लावून तपासले. पत्रे साडेतेरा फूट लांब, खाली साडेचार-साडेचार फुटांवर आडवे पाइप, ज्यांना फॅब्रिकेटर पर्लिन म्हणतात. प्रत्येक पर्लिनवर एका पत्र्याला तीन स्क्रू, साधारण सोळा इंचांवर. तीन पत्र्यांचे एकूण ३६ स्क्रू. त्यांपैकी १९ अजून पाइपात घट्ट उभे होते. त्यांच्याभोवतीचा पत्रा फाटून वर निघून गेला होता. त्यांचे रबरी वायसर उन्हाने कडक होऊन तुटलेले होते. दहा स्क्रू पाइपातून उपसून पत्र्याबरोबर गेले होते, त्यांचे आटे गंजलेले. आणि उरलेले सात? त्या सात भोकांखाली पाइपच नव्हता. ते स्क्रू पाइपाच्या बाजूने खाली निघाले होते. फ्लोरिडातल्या माळ्यावर चमकणारे खिळे आमच्या डोक्यावर नऊ वर्षे होते. प्रार्थनेला उभे राहून आम्ही रोज त्या टोकांकडे पाहत होतो आणि ते काय सांगत आहेत हे आम्हाला वाचता येत नव्हते.

हिशेब करू. साडेचार फूट गुणिले सोळा इंच म्हणजे एका स्क्रूच्या वाट्याला सहा चौरस फूट. कोपऱ्यातील २२ किलोने गुणले तर १३२ किलो. शेजारचा एक स्क्रू हवेत असेल तर दोनशेच्या घरात. अंगठ्याएवढ्या वायसरभोवतालच्या अर्ध्या मिलिमीटर पत्र्याने हे सोसायचे होते. त्यात आपली शेड तीन बाजूंनी उघडी आणि पूर्वेला भांडारखोलीची भिंत. पश्चिमेचा वारा आत शिरला की त्या भिंतीला अडतो आणि जायला वाट नाही म्हणून छपराला खालून रेटतो. छत्री वाऱ्यात उलटी होते ती अशीच. वरची ओढ आणि खालचा रेटा एकत्र आले. (उत्तरायणात पतंग काढायला पत्र्यावर चढणाऱ्या मुलांनाही इथे एक शब्द: पाय पडला की स्क्रूजवळचा पत्रा दबतो आणि वायसर सैल होतो. मग आधी पाणी गळते, पुढे वारा शिरतो.)

दुसऱ्या अंदाजपत्रकात कडेच्या चार फुटांच्या पट्ट्यात दोन पर्लिनच्या मध्ये आणखी एक पर्लिन आणि तिथे स्क्रू आठ इंचांवर असे सुचवले आहे. मग एका स्क्रूचा वाटा दीड चौरस फुटावर येतो, भार ३३ किलोवर. १३२ चे ३३. त्यात स्क्रूंचा खर्च किरकोळ आहे. खरा खर्च जादा पर्लिनचा आणि वेल्डिंगच्या मजुरीचा, हे विश्वस्तांनी लक्षात घ्यावे. मधल्या भागात एवढ्या दाट कामाची गरज आम्हाला वाटत नाही. तिथे स्क्रू बारा इंचांवर आणले तरी पुरे, आणि तेवढे पैसे वाचतील. जाड पत्र्याविषयी विश्वस्तांनी सुचवले ते अर्धे बरोबर होते. जाड पत्रा वायसरभोवती उशिरा फाटतो, म्हणून १९ जागी त्याचा उपयोग झाला असता. गंजलेल्या दहांना आणि हवेतल्या सातांना पत्रा किती जाड आहे याच्याशी काही कर्तव्य नव्हते. आमचा आग्रह एका अटीसाठी आहे: बिल देण्यापूर्वी प्रत्येक स्क्रू खालून पाहिला जावा, आणि पाइपाच्या शेजारी टोक दिसेल तो स्क्रू काढून, भोक बुजवून, दुसरा मारून घ्यावा. शेवटचा निर्णय अर्थातच मंडळाचा.

दरम्यान शेडचा उरलेला भाग तपासण्याचे काम नववीच्या विद्यार्थ्यांनी हाती घेतले आहे. खांबांना खडूने आकडे घातले आहेत, प्रत्येक गाळ्याचा नकाशा कागदावर काढला आहे, आणि दोघे-दोघे मिळून दुर्बिणीतून पाहून पाइपाबाहेर आलेली टोके त्यात लाल पेन्सिलीने मांडत आहेत. शिडीवर कोणीही चढायचे नाही. हा अंक छापायला जाईपर्यंत बारापैकी दहा गाळे झाले असून लाल खुणा ४१ भरल्या आहेत. राहिलेले दोन गाळे या शनिवारी होतील आणि सोमवारी तक्ता कार्यालयात दिला जाईल. दुरुस्ती पुरी होईपर्यंत प्रार्थना वर्गातच होईल.